व्हाउचर नसलेला खुनी

ताई, नमस्कार.

३१ वर्षं ऑडिटमध्ये काढून मी दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो. तेव्हापासून दर रविवारी रात्री जेवणं उरकली की मी आणि बायको इंग्लंडच्या खेड्यांतली ती डिटेक्टिव्ह मालिका बघतो. दर भागात नवं गाव, हिरवळ, चर्च, आणि दोन-तीन तरी मुडदे. एकात तर चीजचं भलंमोठं चाक अंगावर पडून बाई मरते. मी सगळं पद्धतशीर बघतो. वही घातली आहे. कोण किती वाजता कुठे होतं, कोणाला काय मिळणार, कोणाचं म्हणणं कोणाशी जुळत नाही, असे रकाने पाडले आहेत.

अडचण अशी की बायको पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत खुनी सांगून मोकळी होते. हातात विणकाम असतं. मान वर न करता म्हणते, "ही." कशावरून म्हणून विचारलं तर, "दिसतंयच की." मागच्या २३ भागांचा हिशेब माझ्याकडे आहे. तिचे १७ बरोबर, माझे ६. एकदा अगदी खनपटीला बसलो तेव्हा म्हणाली, "भाऊ गेल्याची बातमी ऐकली आणि ती बाई पहिल्यांदा खिडकी लावायला उठली." याला पुरावा म्हणायचं?

ही आधी कुठेतरी शेवट वाचत असणार असा मला संशय आला. म्हणून एकदा ती झोपल्यावर तिचा फोन तपासला. काही सापडलं नाही. शिवाय खुनी तोंडपाठ असलेले भागही ती पुन्हा बघते. मग त्यात बघण्यासारखं उरतं काय? शेवटी मी म्हटलं, एक तर बोलू नकोस, नाहीतर मी वेगळा बघतो.

माझे प्रश्न तीन. एक, ती ओळखते कशी? दोन, मालिका इतकी सोपी असेल तर मी तिच्यापायी वेळ का घालवतोय? तीन, तिला गप्प कसं बसवायचं?

– एक त्रासलेला तपासनीस

ता. क. तिसऱ्या प्रश्नाची आता तशी गरज राहिलेली नाही. गेले दोन रविवार ती काहीच बोललेली नाही. माझा खुनी दोन्ही वेळा चुकला. भाग तसे बरे होते, पण का कोण जाणे, मजा आली नाही.

---

तपासनीस साहेब, नमस्कार.

रहस्यकथेत कामाची गोष्ट जाता जाता, भलत्याच कोणाच्या तरी तोंडून सांगितलेली असते. तुम्ही ती ता. क.मध्ये सांगितलीत. तिच्याकडे येतेच, पण प्रश्नांना क्रमांक दिलेत तर जमेल तितकं क्रमाने जाऊ. मी काही तुमच्या खात्यातली नव्हे, रकाना चुकला तर सांभाळून घ्या.

त्याआधी फोनचं. रोकड मोजायला तुम्ही अचानक जात असाल, पण घरच्या माणसाचा फोन ही रोकड नव्हे. झोपलेल्या बाईचा फोन उघडलात, काही सापडलं नाही, आणि ते तुम्ही मला सांगितलंत, तिला नाही. निर्दोष ठरलेल्या माणसाला निदान आपली चौकशी झाली होती एवढं तरी कळायला हवं. ते सांगून टाका. चिडेल. चिडू द्या.

आता ती ओळखते कशी. यातले काही हातखंडे अगदी बाजारी आहेत, ते कळले की तुमच्या सहाचे नऊ तरी होतील. तुम्ही मालिकेचं नाव लिहिलं नाहीत, पण चीजच्या चाकावरून कळायला डिटेक्टिव्ह लागत नाही. 'मिडसमर मर्डर्स'. तो चीजचा खून २०१३ सालच्या भागातला. तर अशा मालिकेत दर भागाला पाहुणे नट येतात. त्यांतला एखादा चांगला नावाजलेला असेल आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या वाट्याला चहा ओतण्यापलीकडे काही आलं नसेल, तर त्याला नुसता चहा ओतायला बोलावलेलं नाही. जो सगळ्यांशी भांडतो, ज्याच्याकडे बंदूक आहे, ज्याला मेलेल्याची जमीन हवी आहे, त्याच्यावर वेळ घालवू नका, तो तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलेला असतो. आणि पहिल्या खुनाचं काहीतरी पाहून पोलिसांकडे जायच्या ऐवजी जो खुन्याकडे पैसे मागायला जातो, तो दुसरा मुडदा. तुम्ही वहीत ज्याच्या नावाखाली दोन रेघा मारता तोच पन्नासाव्या मिनिटाला तळ्यात तरंगताना सापडतो आणि अख्खं पान वाया जातं. खरं ना?

पण "खिडकी लावायला उठली" हे यातलं नव्हे. तो वेगळा प्रकार आहे, आणि त्याला घराणं आहे.

घराणी दोन. तुमच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून मी रोनाल्ड नॉक्सला धरते. हा कॅथलिक पाद्री, आणि स्वतः रहस्यकथा लिहायचा. १९२९ साली त्याने या धंद्यासाठी दहा नियम घालून दिले. खुनी गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला असला पाहिजे. भुताखेतांना मज्जाव. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. जुळी भावंडं आणायची तर वाचकाला आधी कल्पना द्यायची. डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवायचा, खिशात घालायचा नाही. यात थोडी थट्टा होती, पण मुद्दा पक्का होता. गोष्ट म्हणजे वाचकाशी मांडलेला डाव, आणि डावात लबाडी नको. कागद सगळे टेबलावर, आता लावा ताळा. तुमची वही इथलीच.

दुसऱ्या घराण्यात एक म्हातारी आहे. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. ती पहिल्यांदा आली डिसेंबर १९२७मध्ये, एका मासिकातल्या गोष्टीत, आणि १९३०मध्ये पहिल्या कादंबरीत. राहणार सेंट मेरी मीड, लग्न केलेलं नाही, नोकरी नाही, बागेतून रस्त्यावरची सगळी ये-जा दिसते. पोलीस वेळापत्रकं मांडून बसलेले असतात आणि ही म्हणते, या गृहस्थाला पाहून मला आमच्या गावातल्या अमक्याची आठवण झाली, तोही असाच गोड बोलायचा. आणि तो अमका काय करून बसला होता ते सांगते. बारीकशी लबाडी असते, कोणीतरी घरातलं चोरून विकलेलं, कोणीतरी दोघींना एकाच वेळी लग्नाचं वचन दिलेलं. त्यावरून ती खुनापर्यंत पोचते. आपण घरोघरी मातीच्या चुली म्हणून सोडून देतो. ही बाई तीच ओळ धरून गुन्हेगार पकडते. आणि हो, तिच्याही हातात विणकाम असतं. पत्रात विणकाम आलं तेव्हाच तुमचं काही खरं नाही हे मला कळलं.

तुम्ही म्हणाल हे गोष्टीतलं झालं, खऱ्या तपासात व्हाउचर लागतं. लागतं. म्हणून एक खरी हकिगत सांगते. तुमच्या पेशाच्या माणसाने ती ऐकावी अशीच आहे.

१८६० साल. विल्टशर आणि सॉमरसेटच्या हद्दीवरचं रोड नावाचं खेडं. जून संपता संपता एका रात्री तिथल्या मोठ्या घरातला, चार वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा बिछान्यातून नाहीसा झाला आणि सकाळी आवारातल्या संडासात त्याचं प्रेत सापडलं. दारं-खिडक्यांची तऱ्हा अशी की काम घरातल्याच कोणाचं तरी. गावच्या पोलिसांनी घोळ घातला, म्हणून दोन आठवड्यांनी लंडनहून स्कॉटलंड यार्डाचा जॅक विचर आला. १८४२मध्ये तिथे डिटेक्टिव्हांची जी पहिली आठ जणांची तुकडी उभी राहिली, तिच्यातला हा माणूस. त्याने थोड्याच दिवसांत मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्सवर, बोट ठेवलं. कशावरून? धुण्याच्या वहीवरून.

कॉन्स्टन्सचे रात्री घालायचे झगे तीन. सापडले दोन. तिसरा खुनानंतरच्या सोमवारी धुण्याच्या टोपलीत गेल्याची नोंद वहीत होती, टोपली मोलकरणीने भरली होती. धोबीण म्हणत होती, टोपलीत तो आलाच नाही. म्हणजे नोंद आहे, माल नाही. अशा वेळी संशय कोणावर जातो? धोबिणीवर. विचरला इथेच खटकलं. त्याने मोलकरणीला विचारलं, टोपली भरत असताना कोणी आलं होतं का? ती म्हणाली, कॉन्स्टन्स आली होती, आणि तिने पेलाभर पाणी आणायला पाठवलं होतं. विचरने हिशेब मांडला तो असा. रक्ताचा झगा तिने नष्ट केला होता. मग एक झगा कमी भरणार. म्हणून साधा, स्वच्छ झगा टोपलीत जाऊ दिला, वहीत चढू दिला, आणि मोलकरीण पाणी आणायला वळताच परत काढून घेतला. आता कमी भरला तर तो धोबिणीने हरवला.

इतका सुंदर ऑडिट पॅरा तुम्ही ३१ वर्षांत काढलात का?

पण झगा मिळाला नाही. कबुली नाही. एक पेलाभर पाणी आणि एक नोंद, एवढ्यावर कोर्ट काय करणार? मुलगी सुटली. आणि लोक उठले ते विचरवर. चांगल्या घरातल्या पोरीच्या कपड्यांत हात घालणारा हा लंडनचा कोण टिकोजीराव! वर्तमानपत्रांनी त्याला सोलून काढला. १८६४मध्ये त्याने नोकरी सोडली. १८६५मध्ये कॉन्स्टन्सने स्वतः होऊन कबुली दिली. फाशीची शिक्षा बदलून जन्मठेप झाली, वीस वर्षं तुरुंगात राहून १८८५मध्ये ती सुटली.

विचरला कळलं होतं, आणि त्याला दाखवता आलं नव्हतं. या दोन गोष्टींमधलं अंतर पाच वर्षांचं होतं. तुमच्या घरात ते अंतर एका सोफ्याचं आहे. एका टोकाला जिला कळतं ती, दुसऱ्या टोकाला ज्याला दाखवता येतं तो. म्हणून तर या मालिकांत इन्स्पेक्टर आणि सार्जंट अशी जोडी लागते. एक जण चहा पीत गप्पा मारतो, दुसरा बँकेचे कागद आणतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वेळ का घालवता?

कारण खुनी ओळखणं हे निमित्त आहे. कोडंच हवं असतं तर शब्दकोडं सोडवलं असतंत, त्यात मुडदे पडत नाहीत. इंग्रजी कवी ऑडन याला रहस्यकथांचं व्यसन होतं. तंबाखू-दारूसारखं व्यसन, असं त्याने १९४८मध्ये एका निबंधात स्वतःच लिहून ठेवलंय. वर हेही की इंग्लंडच्या खेड्यात न घडणारी रहस्यकथा वाचणं त्याला फार जड जातं. त्याची मीमांसा मला अजून पटते. जागा जितकी नंदनवनासारखी, तितकं तिथलं प्रेत विजोड. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर कुत्र्याने घाण करून ठेवावी तसं, असं तो म्हणतो. मोठ्या शहराच्या गल्लीत प्रेत पडलं तर लोक वळसा घालून जातात. फुलांच्या प्रदर्शनाच्या तंबूत पडलं की ते हलवलंच पाहिजे, आणि ते हलेपर्यंत कोणालाच चैन नाही.

ऑडनचं एक मात्र तुमच्याकडे झुकतं. गोष्ट संपली की तो विसरून जायचा, पुन्हा वाचायची इच्छा त्याला होत नसे. तुमच्या बायकोला होते. ती काय बघते?

ती बघते तो गाव. म्हणजे बघा, ही मालिका सुरू झाली मार्च १९९७मध्ये, कॅरोलाइन ग्रॅहमच्या कादंबऱ्यांवरून. कादंबऱ्या सातच, पण मालिका त्या केव्हाच ओलांडून पुढे गेली. मिडसमर नावाचा परगणा नकाशावर नाही. चित्रण ऑक्सफर्डशर, बकिंगहमशर या भागांतल्या खऱ्या खेड्यांत होतं. कॉस्टन म्हणून जे तालुक्याचं गाव दाखवतात ते वॉलिंगफर्ड. याच वॉलिंगफर्डला लागून विंटरब्रुकमध्ये अगाथा ख्रिस्तीचं घर होतं, १९७६मध्ये ती तिथेच वारली आणि जवळच्या चोल्सीच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. मिस मार्पलच्या आईच्या दारातच या लोकांनी दुकान थाटलंय म्हणायचं.

इन्स्पेक्टर टॉम बार्नबी २०११पर्यंत होता. तो नट, जॉन नेटल्स, निवृत्त झाला, तर मालिकेने काय करावं? त्याचा चुलतभाऊ आणला. जॉन बार्नबी. आडनाव तेच, पद तेच. कोणी तक्रार केली नाही! सार्जंट तर किती आले न् गेले. बार्नबी घरी येतो, बायकोने केलेलं जेवण (पहिल्या बार्नबीची बायको भयंकर स्वयंपाक करते) मुकाट्याने गिळतो, ती गावातल्या कुठल्यातरी मंडळात नुकतीच सामील झालेली असते आणि त्याच मंडळात उद्या मुडदा पडायचा असतो. सुरुवातीचं ते कापरं, विव्हळणारं संगीत ऐकलंत ना, ते थेरेमिन. त्या वाद्याला वाजवणारा हात लावत नाही, नुसता हवेत फिरवतो. ते सुरू झालं की आमच्या घरात बोलणं थांबतं. यात खुनी कोण, याचा संबंध कितीसा? २०१४मधला शंभरावा भाग डेन्मार्कला नेऊन केला, कारण तिकडेही लोक याच्यामागे वेडे आहेत. डॅनिश माणसाला इंग्लंडमधल्या घंटा वाजवणाऱ्यांच्या मंडळातल्या भांडणाशी काय देणंघेणं? पण मंडळातलं भांडण सगळ्यांना कळतं.

शिवाय तुमच्या धंद्यातली एक गोष्ट. ज्या रकमेचा मेळ बसत नाही ती तुम्ही सस्पेन्स खात्यात टाकता ना? आणि ती तिथे वर्षानुवर्षं पडून राहते. ही मालिका म्हणजे दीड तासात सस्पेन्स खातं शून्यावर आणून दाखवणं. रोड गावाला पाच वर्षं लागली आणि त्यानंतरही सगळा मेळ बसला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मिडसमरमध्ये दीड तास. तुमची बायको जुने भाग पुन्हा बघते, कारण मिटलेलं खातं पुन्हा चाळायलाही बरं वाटतं, आणि शेवट माहीत असला की डोळे मोकळे होतात. मग दिसतं, खुनी पहिल्याच प्रसंगात कसा उभा होता, कोणाकडे बघत नव्हता. एकदा करून बघा. पहिल्या वेळी तुम्ही त्याला पाहिलेलाच नसतो.

उगाच गोडवे गात नाही. दुःख या मालिकेत फार पातळ असतं, नवरा मेलेली बाई दुसऱ्या दिवशी जत्रेत केक विकते. मला कधीकधी त्याचा राग येतो. आणि हे नंदनवन बरीच वर्षं फक्त गोऱ्यांचं होतं. २०११मध्ये निर्मात्याने त्याचं उघड समर्थन केलं तेव्हा त्याला निलंबित करावं लागलं, मग गावात वेगळे चेहरे दिसू लागले. ऑडन कवी असल्यामुळे नंदनवन म्हणून मोकळा झाला. त्याचं कुंपण कोणी घातलं हे त्याने विचारलं नाही.

आता ती खिडकी. शेरलॉक होम्सची १८९२मधली एक गोष्ट आहे. आगगाडीतून वॉटसनला हिरव्या टेकड्यांत विखुरलेली टुमदार घरं दिसतात आणि तो खूश होतो. होम्स म्हणतो, मला भीती वाटते. लंडनच्या घाणेरड्यात घाणेरड्या गल्लीतही मार खाणाऱ्या पोराची किंकाळी शेजारी ऐकतो. इथे कोण ऐकणार? होम्सचं खेडं असं, कोणालाच काही ऐकू न जाणारं. मिडसमर बरोबर उलट. तिथे सगळ्यांना सगळं ऐकू जातं. तिथे भीती चाकूची नसते, शेजारणीची असते. म्हणून भाऊ मेल्याचं कळताच जी बाई रडायच्या आधी खिडकी लावते, तिला काहीतरी बाहेर जाऊ द्यायचं नाहीये. असं मला वाटतं. माझं चुकलं असेल. तुमच्या बायकोला काय दिसलं ते तिलाच माहीत, कारण तुम्ही "कशावरून" विचारलंत, तिने सांगितलं, आणि तुम्ही व्हाउचर नाही म्हणून आक्षेप काढलात. खिडकी लावण्यात एवढं काय, हे काही तुम्ही विचारलं नाहीत.

याच निबंधांच्या गोतावळ्यात जॉर्ज ऑर्वेलचा १९४६मधला एक आहे, इंग्रजी खुनांच्या ऱ्हासावर. त्याची सुरुवात रविवारी दुपारी होते. जेवण झालंय, नवरा आरामात खुनाच्या बातम्या वाचायला बसलाय, आणि बायको खुर्चीत झोपली आहे. वाचताना मला नेहमी वाटतं, हिला जागं केलं असतं तर हिने चार ओळींत खुनी सांगितला असता. तुमच्याकडे तर ती जागी आहे. जागी असून दोन रविवार बोललेली नाही, आणि तिला गप्प कसं बसवायचं हा तुमचा प्रश्न होता.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उलटं देते, तिला बोलती कशी करायची. "बरं, आता बोल" असं चुकूनही म्हणू नका, परवानगी दिल्यासारखं होतं. पहिला मुडदा पडला की टीव्ही थांबवायचा. दोघांनी एकेक चिठ्ठी लिहायची, वर नाव आणि खाली एकच ओळ, कशावरून. चिठ्ठ्या तुमच्या वहीत ठेवायच्या, भाग संपल्यावर उघडायच्या. नाव बरोबर आलं तर एक गुण, कारण बरोबर आलं तर दोन. ती पहिले काही भाग गुण घालवेल, कारण "दिसतंयच की" हे कारण धरायचं नाही. जे तिला दिसतं त्याला तिला शब्द शोधावे लागतील. तुम्हीही घालवाल, कारण रकाने भरताना मान खाली असते आणि चेहरे वर असतात. मध्ये एखाद्या दिवशी तिला पाठ असलेला भाग लावा आणि तिच्याकडून समजून घ्या, हवं तर पहिली दहा मिनिटं आवाज बंद ठेवून. आवाज नसला की कोण कोणाकडे बघतो एवढंच उरतं. मला हे एकदा आवाजाचं बटण बिघडल्यामुळे कळलं.

पण चिठ्ठ्या-बिठ्ठ्या पुढच्या रविवारी. आज फोनचं सांगा, आणि ती चिडून झाली की त्या खिडकीचं विचारा. विचारताना वही हातात नको. ती काय म्हणाली ते मलाही कळवा. तो भाग मी पाहिला असेन तर माझा संशय पाद्र्यावर गेला असणार. माझा दर भागात पाद्र्यावरच जातो.